शैक्षणिक तंत्रज्ञान शिकायला निघालात? आधी मुलं कुठे अडतात ते लिहा

पदविकेच्या किंवा प्रशिक्षणाच्या अर्जात हेतूचा एक रकाना असतो. त्यात पुष्कळदा ‘अध्यापनात तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर करणे’ एवढंच लिहिलं जातं. वाक्यात चूक काही नाही, पण ते साधलं की नाही हे वर्षअखेरीस तपासणार कसं? माझं मत असं की ध्येय लिहिताना अ‍ॅपचं किंवा स्मार्ट बोर्डाचं नावच घेऊ नये. धड्यातली अडणारी जागा पकडावी. उदाहरणार्थ: ‘दिव्यातून गेल्यावर विद्युतधारा कमी होते असं मानणारी आठवीतली मुलं, धडा शिकवून तीन आठवडे झाल्यावरही, सुरुवातीच्या निम्म्याहून कमी असावीत.’ यात इयत्ता आहे, नेमकी चूक आहे आणि मुदतही आहे. काय शिकायचं ते यातूनच ठरत जातं.

हेच उदाहरण पुढे नेऊ. आठवीच्या सामान्य विज्ञानात ‘धारा विद्युत आणि चुंबकत्व’ हा धडा आहे. दिवा वीज ‘खातो’, म्हणून पुढच्या दिव्याला कमी मिळते, ही समजूत घरच्या बोलण्यातूनच येते. मीटर फिरतो, बिल येतं, म्हणजे काहीतरी संपतंच. संपते ती ऊर्जा, धारा नव्हे. हा फरक व्याख्या पाठ करून कळत नाही. म्हणून पहिलं कौशल्य शिकायचं ते चूक उघडी पाडणारा प्रश्न लिहिण्याचं. एक बॅटरी, एकसर (एकामागून एक) जोडणीत दोन सारखे दिवे, आणि तीन जागी धारा मोजणारे अमीटर: पहिल्या दिव्याआधी, दोन्ही दिव्यांच्या मध्ये, दुसऱ्या दिव्यानंतर. आकडे कसे येतील? पर्याय चार: तिन्ही सारखे; टप्प्याटप्प्याने कमी; पहिल्या दिव्याआधी आहे, नंतर शून्य; मधला सर्वांत मोठा. प्रत्येक चुकीचा पर्याय एखाद्या खऱ्या गैरसमजाचा हवा. ‘यांपैकी नाही’ या पर्यायातून शिक्षकाला काहीच कळत नाही.

उत्तरं गोळा करायला प्रत्येक मुलाकडे फोन लागत नाही. प्लिकर्ससारख्या पद्धतीत मुलं छापील कार्ड हवं त्या बाजूने वर धरतात आणि शिक्षकाच्या एका फोनचा कॅमेरा साऱ्या वर्गाची उत्तरं टिपतो. कार्डांना लॅमिनेशन मात्र करू नका. ट्यूबलाइटची चमक पडली की कॅमेऱ्याला कार्ड वाचता येत नाही. बोटांखाली नक्षी झाकली गेली तरी तेच होतं, म्हणून कार्ड कडेला धरायला शिकवा.

आता सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून बघायचा प्रयोग. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ प्रकल्प भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. त्यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत, शिवाय ती उतरवून पेनड्राइव्हवरून इंटरनेटशिवाय चालवता येतात. विद्युत परिपथाच्या सिम्युलेशनमध्ये बॅटरी ९ व्होल्ट आणि प्रत्येक दिव्याचा रोध १० ओहम ठेवा. तिन्ही जागी ०.४५ अँपिअर दिसायला हवेत. आकडा किंचित कमी आला तर तारेच्या रोधाची पट्टी शून्याकडे सरकवा. धारेची दिशा इलेक्ट्रॉनची न दाखवता रूढ दिशा दाखवा, नाहीतर पुस्तकातला बाण एकीकडे आणि पडद्यावरचा दुसरीकडे. आणि बटण दाबण्याआधी प्रत्येकाकडून अंदाज वहीत लिहून घ्या. अंदाज लिहिला नाही तर मुलं फक्त हलणारे ठिपके बघतात.

यानंतर टॉर्चचे खरे दिवे जोडले की एक घोटाळा हमखास होतो. बाजारात एकाच मापाचे म्हणून मिळणारे दोन दिवे तंतोतंत सारखे नसतात. एक मंद लागतो आणि वर्ग ओरडतो, ‘बघा, दुसऱ्याला कमी मिळाली!’ अशा वेळी दिव्यांच्या जागा बदला. मंद दिवा पहिल्या जागी आणला तरी मंदच राहतो, म्हणजे दोष दिव्यात आहे, जागेत नाही. पडदा आणि प्रत्यक्ष साहित्य यांची अशी सांगड घालता येणं हीच या विषयातली खरी विद्या. मिश्रा आणि कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलेल्या टीपॅक चौकटीचा गाभाही हाच: आशय, शिकवण्याची रीत आणि तंत्रज्ञान यांचं ज्ञान एकमेकांत मिसळलेलं हवं.

तीन आठवड्यांची मुदत का? रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की पाच मिनिटांनी विचारलं तर मजकूर पुन्हा वाचणारे पुढे असतात. आठवड्याने विचारलं तर पुन्हा वाचण्याऐवजी स्वतः आठवून लिहिणारे. धडा संपताच घेतलेली क्विझ शिक्षकाला फसवते ती अशी.

दुसरं ध्येय प्रश्न पारखण्याचं ठेवा. यावर मी जास्त जोर देतो, कारण हे कुठल्याही अ‍ॅपपेक्षा जास्त काळ पुरतं. ६० मुलांचा वर्ग असेल तर एकूण गुणांनुसार वरची २७ टक्के आणि खालची २७ टक्के, म्हणजे १६-१६ मुलं वेगळी काढा. एखादा प्रश्न वरच्या गटात १४ जणांचा आणि खालच्या गटात ६ जणांचा बरोबर आला, तर (१४ वजा ६) भागिले १६, म्हणजे ०.५. विषय येणारी आणि न येणारी मुलं हा प्रश्न किती वेगळी करतो, ते हा आकडा सांगतो. प्रश्न चांगला आहे. ०.२ च्या खाली गेला तर पुन्हा वाचा. उणे आला तर आधी उत्तरसूची तपासा, मग भाषा. नागपुरात मराठी माध्यमाच्या एकाच वर्गात घरी हिंदी, वऱ्हाडी, हलबी किंवा गोंडी बोलणारी मुलं असू शकतात. पुष्कळदा विज्ञान येत असतं, प्रश्नातला शब्दच अडतो. मात्र ६० मुलांच्या आकड्यात दुसऱ्या दशांश स्थळावर वाद घालू नये.

खोलीचाही हिशेब शिका. ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर २ मीटर बाय १.२५ मीटर पडद्यावर १२०० लक्स, म्हणजे चौरस मीटरला १२०० ल्युमेन उजेड, पाडतो. खिडक्या उघड्या असताना पडद्यावर आधीच ४०० लक्स उजेड असेल तर पांढऱ्या-काळ्याचं प्रमाण १६०० ला ४००, म्हणजे अवघं चारपट. मागच्या बाकावरून आकडे वाचता येत नाहीत. जाड पडदे लावून उजेड ८० वर आणा, प्रमाण १६ पट होतं. महागड्या प्रोजेक्टरआधी शिंप्याकडे जा. उजेड फोनच्या अ‍ॅपने मोजताना फोनची पाठ पडद्याला लावा. सेन्सर फोनच्या पुढच्या बाजूला असतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. कूलरची ओलसर हवा आणि खडूची धूळ मिळून प्रोजेक्टरच्या फिल्टरवर थर बसतो, आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि ऐन तासाला यंत्र बंद पडतं. कूलरच्या झोतात प्रोजेक्टर ठेवू नका, फिल्टर पंधरवड्याला कोरड्या ब्रशने झाडा. दिव्याचा प्रोजेक्टर बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका. धड्यासाठी आवाज मुद्रित करायचा असेल तर तो सकाळीच, कूलर आणि पंखा बंद करून, फोन तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर ठेवून करा.

कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फाँटमधल्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये आणणं हे कंटाळवाणं पण मोलाचं काम. रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि ‘ऱ्य’ हे तीन डोळ्यांखालून घाला. चुका तिथेच लपतात. मुलांच्या नावांऐवजी हजेरी क्रमांक वापरा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे.

अभ्यासक्रम कुठला? मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, इग्नूचं प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे, ‘स्वयम्’ हे सरकारी ऑनलाइन व्यासपीठ घरबसल्या आहे. निवडताना एकच पाहा: स्वतःच्या वर्गासाठी काही तयार करून, वापरून, दुरुस्त करून दाखवावं लागतं का? नुसते व्हिडिओ बघून प्रमाणपत्र मिळत असेल तर वेळ दुसरीकडे द्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाला द्यावेत अशी अपेक्षा आहे. माझी वाटणी: १५ तास प्रश्न लिहायला आणि पारखायला, २० तास एक धडा नीट बांधायला, १० तास तो वर्गात चालवून सुधारायला, ५ तास यंत्रांना.

तीन आठवड्यांनंतरच्या चाचणीची तारीख मात्र जूनअखेर शाळा उघडतानाच वार्षिक नियोजनात लिहून टाका. पोळा, मारबत, गणपती आणि घटक चाचणी यांच्या गर्दीत सगळ्यात आधी तीच गळते.