मग हेड कोच का नाही झाले?

अमेरिकेत ब्लॅक्सबर्गला, म्हणजे व्हर्जिनिया टेक विद्यापीठात, शिकून गेलेल्या मराठी पोरांना अमेरिकन फुटबॉलवरून छेडलं, की ती एका पत्र्याच्या डब्याबद्दल आणि एका असिस्टंट कोचबद्दल बोलायला लागतात. मी त्यातलाच. व्हर्जिनिया टेकचे बड फॉस्टर हा माझा ठेवणीतला विषय. तो काढला की समोर पुण्याचे मामा असोत की इथल्या मंडळातले काका, प्रश्न ठरलेला: "एवढे हुशार होते, तर जन्मभर असिस्टंटच कसे राहिले? हेड कोच का नाही झाले?" सूर असा, की बँकेत 33 वर्षं काढून ब्रँच मॅनेजर न झालेल्या माणसाचं कुठेतरी बिनसलेलंच असणार. तर तुम्ही विचारलंत म्हणून, एकदा सविस्तर सांगतो.

अमेरिकन कॉलेजच्या संघात शंभरेक मुलं असतात. आक्रमणाचे खेळाडू वेगळे, बचावाचे वेगळे, आणि प्रत्येक जागेला शिकवणारा कोच वेगळा. त्यांच्यावर दोन कोऑर्डिनेटर, एक ऑफेन्सचा, एक डिफेन्सचा. तेही कागदोपत्री असिस्टंटच. बरीच वर्षं मोठ्या कॉलेजांना मैदानावर शिकवणारे 9 असिस्टंट ठेवता यायचे, 2018 मध्ये ते 10 झाले आणि 2024 मध्ये ती अटही गेली.

सगळ्यात खाली ग्रॅज्युएट असिस्टंट. हे आपल्या लोकांना चटकन कळतं, कारण एमएसला आलेल्या कितीतरी जणांनी असेच दिवस काढलेले असतात: फी माफ, आणि हातात जेमतेम भाडं-किराण्यापुरते पैसे. आम्ही लॅबमध्ये बसायचो. हा पोरगा रात्री उशिरापर्यंत पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे व्हिडिओ मागेपुढे करत त्यांचा एकेक डाव कार्डावर काढत असतो. गोल, फुल्या, कोण कुठून कुठे धावतो त्याचे बाण. दुसऱ्या दिवशी सरावात ते कार्ड राखीव मुलांसमोर धरायचं, त्यांनी अगदी तसंच पळायचं, म्हणजे शनिवारी समोर येणारा संघ आपल्या पोरांना मंगळवारीच भेटतो. बाण चुकला तर कोऑर्डिनेटरचा आवाज पार्किंगपर्यंत जातो. फॉस्टर यांनीही सुरुवात इथूनच केली. 1981, केंटकीतलं मरे स्टेट. तिथेच ते आधी लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला गडी) म्हणून खेळले होते. त्याच वर्षी तिथे हेड कोच झाले फ्रँक बीमर. 1987 मध्ये बीमर स्वतःच्या जुन्या कॉलेजात, म्हणजे व्हर्जिनिया टेकला आले आणि फॉस्टरना सोबत घेऊन आले.

इथे नशिबाचा भाग येतो, आणि तो सांगायचा राहतो. असिस्टंटला नेमतो हेड कोच. तो गेला की बहुतेक वेळा सगळ्यांचंच बिऱ्हाड उचलतं, कारण नवा येतो तो आपली माणसं घेऊन. दोन-तीन वर्षांनी नवं गाव, मुलांची नवी शाळा, बायकोची नोकरी पुन्हा पहिल्यापासून, हेच बहुतेकांचं आयुष्य. 1992 मध्ये व्हर्जिनिया टेकने 11 पैकी 2 सामने जिंकले. दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठाने बीमरना नारळ दिला असता. इथे ते राहिले. त्यांनी काही असिस्टंट बदलले, फॉस्टरना ठेवलं. पुढच्या हंगामापासून बीमर निवृत्त होईपर्यंत, 1993 ते 2015, संघ दर वर्षी 'बोल' खेळला (बोल म्हणजे हंगामाअखेरीचा मानाचा सामना). तो 1992 चा डिसेंबर वेगळा गेला असता, तर फॉस्टर कुठल्या कुठे गेले असते, आणि मी आज दुसऱ्याच कुणाबद्दल लिहीत असतो.

1995 मध्ये डिफेन्सची सूत्रं त्यांच्याकडे आली. त्याच वर्षी तो डबा आला: खाणकामगाराचा, पोचे पडलेला, जेवणाचा पत्र्याचा डबा. बचावाच्या मुलांनी तो सामन्याला न्यायचा. आत पैसा-अडका नाही, चिठ्ठ्या. या हंगामात, या सामन्यात काय करायचं ते लिहिलेलं. एप्रिल 2007 मध्ये कॅम्पसवर गोळीबारात 32 माणसं गेली, त्यात मुंबईची एक विद्यार्थिनी होती, भारतातून आलेले एक प्राध्यापक होते. त्या हंगामात त्या 32 जणांची नावं डब्यात होती. यावर मी जास्त बोलत नाही.

कामाचा नमुना बघायचा असेल तर 6 सप्टेंबर 2014 चा ओहायो स्टेटचा सामना काढून बघा. समोर बलाढ्य संघ, त्यांचंच मैदान, फक्त क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास टाकणारा खेळाडू) जे. टी. बॅरेट नवखा. फॉस्टरनी 'बेअर' नावाची जुनी रचना काढली. ओहायोच्या आक्रमणातल्या मधल्या तिन्ही आडदांड गड्यांच्या नाकासमोर एकेक माणूस उभा केला, म्हणजे मधून धावायला वाट नाही. बाकीचे क्वार्टरबॅकच्या अंगावर सोडले. मागे बचावाची शेवटची फळी जवळजवळ मोकळीच. एक जरी लांब पास बसला तर सरळ सहा गुण. नवख्या पोराला तो पास टाकायला वेळच मिळणार नाही, यावर सगळा जुगार. बॅरेटचे 29 पैकी 9 पास पोहोचले, तीन टेकच्या हाती गेले आणि सात वेळा त्याला पास टाकायच्या आधीच लोळवलं. टेक 35-21 ने जिंकलं. ओहायो स्टेट त्यानंतर हंगामात एकदाही हरलं नाही, राष्ट्रीय विजेतेपद घेऊन गेलं.

हेड कोचला हे करायला सवड कुठली? त्याचा अर्धा दिवस देणगीदार, पत्रकार, माजी विद्यार्थी आणि कुलगुरूंना सांभाळण्यात जातो. डावपेच आखणं हीच ज्याची आवड, त्याला ती खुर्ची म्हणजे बढती कमी आणि बदली जास्त. शिवाय पैशाचा प्रश्नही उरलेला नाही. मोठ्या कॉलेजांतले नामांकित कोऑर्डिनेटर वर्षाला 20 लाख डॉलरच्या वर कमावतात. ग्रॅज्युएट असिस्टंटला मात्र अजून किराण्याचीच चिंता.

पण त्यांना हेड कोच व्हायचंच नव्हतं, ही आमच्यातल्या काहींची भाबडी कथा मला पटत नाही. दर हिवाळ्यात कुठे ना कुठे त्यांचं नाव घेतलं जायचं. 2015 मध्ये बीमर निवृत्त झाले, तेव्हा स्वतःच्या विद्यापीठाने खुर्ची दिली मेंफिसहून आलेल्या जस्टिन फ्युएंटे यांना. लागलं असेलच. पण फ्युएंटेंनी दस्तूर मोडून फॉस्टरना डिफेन्सवर कायम ठेवलं, आणि फॉस्टरही वयाने कितीतरी लहान साहेबाच्या हाताखाली आणखी चार हंगाम राहिले. मला 2014 च्या विजयापेक्षा ही चार वर्षं अवघड वाटतात.

शेवटचा सामना 31 डिसेंबर 2019 ला शार्लटमध्ये झाला. समोर केंटकी. त्यांनी क्वार्टरबॅकच्या जागी एक रिसीव्हर (एरवी पास झेलणारा खेळाडू) उभा केला होता. तो पळून पळून डिफेन्सला बेजार करत राहिला, आणि टेक शेवटच्या क्षणांत 37-30 ने हरलं. मनासारखा शेवट नव्हता.

एका गोष्टीचा मात्र मला खरोखर राग आहे. सर्वोत्कृष्ट असिस्टंटसाठी 1996 पासून ब्रॉइल्स पुरस्कार आहे, तो फॉस्टरना 2006 मध्ये मिळाला. पण कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये कोच म्हणून जायचं तर किमान दहा वर्षं आणि शंभर सामने हेड कोच असावं लागतं. बीमर 2018 मध्ये आत गेले. ज्याने त्यांच्यासाठी दोन दशकं डिफेन्स चालवला, त्याच्या नावावर नियमाप्रमाणे एकही विजय नाही. मामा, पुढच्या वेळी तेवढं विचारा, की हा नियम अजून का बदललेला नाही.