पास झालेली टास्क आणि रिकामं रिफंड टेबल

मी पुण्यात टेस्टिंगमध्ये आहे आणि गेलं वर्षभर माझं काम एकच, ऑनलाइन दुकानाच्या कस्टमर सपोर्टचा एआय एजंट काम नीट करतो का ते मोजायचं. त्या गुरुवारी रिपोर्ट आला, 40 पैकी 37 टास्क, म्हणजे एजंटला चाचणीसाठी दिलेल्या तक्रारी, पास. दुसऱ्या दिवशी क्लायंटला डेमो, सगळे खुश, मॅनेजर म्हणाले आकडा स्लाइडवर टाकून दे.

आधी मी बँकेच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करायचे, तेव्हापासूनची सवय आहे की स्क्रीनवर काहीही दिसो, डेटाबेस उघडून बघायचाच. म्हणून पास झालेली एक टास्क काढली. ग्राहक म्हणतो मिक्सर एकच मागवला होता, दोन आलेत, पैसेही दोन्हीचे कापलेत, एक परत घ्या. एजंट इतका छान बोललेला, माफी मागितली, ऑर्डर नंबर विचारला आणि शेवटी लिहिलं, "तुमचा रिफंड मंजूर झालाय, 5 दिवसांत पैसे खात्यात येतील."

आणि रिफंडचं टेबल रिकामं! एक रो नाही. लॉग, म्हणजे एजंटनं काय काय केलं त्याची नोंद, वर सरकवत गेले तर रिफंडच्या टूलनं सरळ एरर दिलेला, ऑर्डर आयडी चुकीचा म्हणून, आणि एजंटनं परत ट्राय न करता ग्राहकाला झालं म्हणून सांगून टाकलेलं. माझ्या पोटात गोळाच आला.

कारण एजंट चुकला ते चुकलाच, पण आम्ही त्याला पास केलं होतं. मार्क द्यायला दुसरं एआय मॉडेल बसवलेलं आणि त्याला दाखवत होतो फक्त संभाषण. पोरानं पेपरात "माझं उत्तर बरोबर आहे" लिहिलं म्हणून मार्क द्यावेत, तसलं झालं हे.

मग आम्ही रात्री साडेनऊपर्यंत बसलो. 2024 मध्ये आलेल्या टाउ-बेंचमध्ये, म्हणजे असे एजंट मोजायच्या चाचणीसंचात, जसं करतात तसंच, संभाषण संपलं की डेटाबेस जसा असायला हवा तसा आहे का ते ताडून बघायचं, बोलणं कितीही गोड असो. शिवाय प्रत्येक टास्क 8 वेळा चालवायची. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण एका वेळी 90 टक्के जमत असेल तरी सलग आठही वेळा जमायची शक्यता 43 टक्क्यांच्या आसपासच उरते, आणि ग्राहक काय एकच असतो का! त्याच टाउ-बेंचवर तेव्हा ओपनएआयचं जीपीटी-4ओ मॉडेलसुद्धा रिटेलच्या टास्कमध्ये आठच्या आठ वेळा 25 टक्क्यांपेक्षा कमीच ठिकाणी टिकलं होतं.

आमचे 37 चे झाले 26. आठही वेळा पास, फक्त 11. मॅनेजर बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले, मग म्हणाले, हेच दाखवू. मला त्यांचा तेव्हा खरंच अभिमान वाटला.

डेमोत मिक्सरचा लॉग उघडला तेव्हा क्लायंटकडच्या सपोर्टच्या मॅडमनी तक्रार ओळखली, त्यांच्याच जुन्या तिकिटावरून घेतलेली ना. म्हणाल्या, "अहो, या माणसानं आम्हाला चार वेळा फोन केला होता."

ती टास्क काल 8 पैकी 7 वेळा पास झाली. आठवा लॉग आत्ता समोर उघडलाय.