नेपाळ, विसर्जन आणि शंभराच्या नोटा

नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं ओळखपत्र पुरतं. तिकिटं, हॉटेल सगळं मुलीने फोनवर करून दिलं. अडलो ते पुण्यात, घराजवळच्या बँकेत.

2024 च्या गणपतीत आम्ही दोघांनी ठरवलं की लक्ष्मी रस्त्यावरचा डीजे यंदा ऐकायचा नाही, कुठेतरी जाऊन नुसतं पडायचं. काठमांडूला लागून असलेल्या पाटणला मंगळ बाजाराजवळ जुन्या नेवारी (नेवार हे काठमांडू खोऱ्यातले मूळचे लोक) घराचं हॉटेल केलंय, तिथे खोली घेतली. उरलेले पैसे पोचल्यावर द्यायचे होते. कार्डाने दिले तर वर आकार, नाहीतर भारतीय रुपये रोख. पण 2018 च्या डिसेंबरात नेपाळने शंभराच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती, म्हणून सगळी रक्कम शंभरात हवी.

खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "शंभराच्या? एवढ्या? कशाला?" सांगितलं. "मग तिकडेच एटीएममधून काढा ना." काढता येतात, पण दर खेपेला शुल्क जातं, तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, साहेबांना विचारा. साहेब जेवायला गेले होते. आल्यावर म्हणाले, गणपतीचे दिवस आहेत, सुट्ट्या पैशांना मागणी फार, उद्या या. दुसऱ्या दिवशी दहाच्या नोटांच्या गड्ड्या पुढे केल्या. खाली म्हणजे दहाही चालतात हो, पण हॉटेलच्या काउंटरवर दहादहाच्या नोटा मोजत बसू का मी? माझ्या मागचे आजोबा पासबुक भरून निघूनही गेले आणि मी आपली अर्ज लिहितेय. अर्ज कशासाठी, तर स्वतःच्याच खात्यातले पैसे शंभरात मिळावेत म्हणून! त्यावर शिक्काही बसला. नोटा काही आल्या नाहीत.

शेवटी आमचे हे संध्याकाळी सहज मंडळात बसले होते. तिथे वर्गणी मोजणं चाललेलं. खजिनदाराला पाचशेच्या नोटा हव्याच होत्या, भरायला सोप्या. पंधरा मिनिटांत काम झालं. ज्या डीजेपासून पळत होतो त्याच मंडळाने सुटका केली, आता बोला! निघण्याआधी सध्याचा नोटांचा नियम मात्र बघून घ्या, तो बदलत असतो.

तिकडे कोणीही भाव सांगितला की आधी विचारायचं, "आयसी की एनसी?" म्हणजे भारतीय की नेपाळी. शंभर भारतीयांचे 160 नेपाळी होतात, दर बांधलेला आहे. बिलावर 13 टक्के व्हॅट असतो, तो दरात धरलाय का तेही खोली घेतानाच विचारा.

हॉटेल सुरेख. विटांचा चौक, कोरीव लाकडी खिडक्या, आणि दारं इतकी बुटकी की हे रोज न चुकता कपाळ आपटायचे. सकाळी नाश्त्याला समयबजी हे नेवारी ताट मागितलं: चिउरा म्हणजे आपले पोहे पण कोरडे, काळं भटमास म्हणजे सोयाबीन, आलं. मांसाहारी नसाल तर छोयला नको म्हणून आधीच सांगा, ते म्हशीचं मांस असतं.

आणि शांतता शोधत गेलो तर अनंत चतुर्दशीलाच काठमांडूत इंद्रजात्रेचा मुख्य दिवस! जिवंत कुमारीचा, म्हणजे देवी मानलेल्या लहान मुलीचा रथ निघतो, सोबत गणेश आणि भैरव यांचे. इंद्र आईसाठी पारिजातकाची फुलं चोरायला आला आणि लोकांनी त्याला धरून बांधलं, अशी कथा. हनुमान ढोका या जुन्या राजवाड्याजवळच्या श्वेत भैरवाच्या मुखवट्यापुढची जाळी या दिवसांतच उघडते आणि त्याच्या तोंडातून नळीने जाँड, म्हणजे तांदळाची घरगुती दारू, वाहते. प्यायला तरुणांची ही झुंबड. रथ बघायला बसंतपूरला, म्हणजे राजवाड्यासमोरच्या चौकात, दुपारीच पोचा, देवळांच्या पायऱ्या लवकर भरतात. नेपाळची वेळ आपल्या पुढे आहे, घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायला विसरू नका. ढोल तिथेही होते, पण डीजे नव्हता, त्यामुळे मी तासन्‌तास उभी राहिले.

पाटण बागमती नदीच्या पलीकडे, तिथे हा गलका पोचत नाही. खोली मात्र चौकाकडची मागा. गल्लीकडच्या खोल्यांना पहाटेपासून देवळातल्या घंटा आणि मोटरसायकली.