लाल आकडे, गार पोळी

रात्री आठला अमेरिकेचा बाजार उघडला आणि पानातली पोळी तशीच गार झाली. माझा सेल्सफोर्स, म्हणजे कंपन्यांना गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या अमेरिकी कंपनीचा शेअर, पुन्हा लाल. बायको म्हणाली, "अहो, आधी जेवा, शेअर काही पळून जात नाही." तेच तर दुखणं आहे, हलतच नाही वर!

गंमत बघा. ही कंपनी मुख्यतः डोकी मोजून पैसे घेते. जितके वापरणारे, तितकी लायसन्स. आणि २०२५ मध्ये हिच्याच प्रमुखांनी, बेनिऑफ साहेबांनी सांगितलं, एआयमुळे आमचे सपोर्टवाले ९,००० वरून ५,००० च्या आसपास आले. उद्या गिऱ्हाइकांनीही हेच केलं तर लायसन्स घेणार कोण?

दुपारी ऑफिसात मात्र उलटं चित्र. एका रिपोर्टात फक्त एक कॉलम वाढवायचा होता. चार मंजुऱ्या, दोन मीटिंगा, आणि वर आमच्या सीनियरचं पालुपद, "सिस्टिम बदलायची म्हणजे दीड वर्ष धरा." इतकं खोल रुजलेलं सॉफ्टवेअर कुणी एआयला दिलेल्या एका हुकमानं (प्रॉम्प्टनं) उपटेल, हे मला पटत नाही. त्याला भाव किती मिळेल, हा प्रश्न वेगळा.

विकला नाही. आणखी घेतलाही नाही. पोळी तेवढी परत तव्यावर टाकली.