क्रीटच्या दक्षिण किनाऱ्यावर: सामारियाला नव्हे, दुसऱ्या दिवसाला घाबरा

ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या आमच्या ट्रेकच्या माहितीपत्रकात 'सोपा ते मध्यम' छापलं होतं. छापणाऱ्याने अगिया रुमेली ते लुत्रो ही किनाऱ्यावरच्या दोन गावांमधली वाट भर दुपारी चालून दाखवावी, बोटीचं तिकीट मी काढतो.

सामारियाची घळ, म्हणजे पहिला दिवस, आधी उरकतो. ओमालोसच्या पठारावर साधारण 1,230 मीटरवर सुरुवात, समुद्रापर्यंत 16 किलोमीटर. सगळा उतार, म्हणून लोक हलक्यात घेतात आणि पहिल्या तासातच गुडघे बोलायला लागतात. काठ्या दोन घ्या. पाण्याचं ओझं नको, वाटेत झरे आहेत. तिकीट जपून ठेवा, खाली बाहेर पडताना परत मागतात. आत कोणी राहिलं का, हे त्यावरून कळतं. घळीतलं जुनं गाव 1962 साली राष्ट्रीय उद्यान झाल्यावर रिकामं केलं. पुढे दोन्ही बाजूंचे कडे एकमेकांपासून तीन-चार मीटरवर येतात, त्या चिंचोळ्या जागी फोटोसाठी चक्क रांग होती. उद्यानाचं फाटक आलं की संपलं असं वाटतं. संपत नाही. अगिया रुमेली गावापर्यंत आणखी तीनेक किलोमीटर उन्हात तुडवायचे असतात. फाटकापासून छोटी बस मिळते, ती घ्या, त्यात कमीपणा नाही. गाइड? तो सगळ्यांच्या मागून येत होता. आम्हाला थेट गावात भेटला.

आता दुसरा दिवस. अगिया रुमेलीला गाडीरस्ता नाही, एक तर बोट नाही तर पाय. आम्ही निघालो साडेनऊला, कारण गाइडचा नाश्ता आणि बॅगांचा घोळ. 'वाटेत टॅव्हर्ना (छोटी खानावळ) आहे, दोन लिटर पुरे,' असं तो म्हणाला. ऐकलं, हीच चूक.

किनाऱ्यावरच्या अगिओस पावलोसच्या दगडी चर्चपर्यंत मजेत गेलो. त्यानंतर वाट पाइनच्या झाडीत चढते. सुकलेल्या सुयांचा थर आणि खाली भुसभुशीत माती, एक पाऊल पुढे टाकलं की अर्धं मागे. झाडी संपली की कड्याच्या पोटातून आडवी वाट, उजव्या हाताला खाली लिबियन समुद्र. एक्सपोजर, म्हणजे एका बाजूला उघडी दरी, आपल्या ट्रेकर्सना नवीन नाही, पण सप्टेंबरच्या उन्हात तोंडाला कोरड पडलेली असताना पाय लटपटतात. एक वाजता माझं पाणी संपलं. आमच्यातल्या एकाला उलट्या सुरू झाल्या, त्याची सॅक आळीपाळीने वाहिली. गाइडने सांगितलेलं टॅव्हर्ना खरंच होतं, पण पार मारमाराच्या किनाऱ्यावर, म्हणजे हा सगळा टप्पा संपल्यावर! मी बुटांसकट समुद्रात शिरलो. तेवढी पाच मिनिटं मात्र सगळं माफ होतं.

माफी लुत्रोच्या धक्क्यापर्यंतच टिकली. बॅगा 'खास बोटीने' पुढे पाठवायचे माणशी 25 युरो घेतले होते. त्या आमच्यासमोर रोजच्याच प्रवासी फेरीबोटीतून उतरल्या. विचारलं तर खांदे उडवले. बुकिंगच्या वेळीच लेखी विचारा: सामान कोणत्या बोटीने जाणार आणि त्याचे वेगळे पैसे का?

जाणारच असाल तर उजाडताच निघा, चार लिटर पाणी घ्या आणि गाइडच्या नाश्त्याची वाट बघू नका. उंचीची भीती असेल तर सरळ फेरीबोटीने लुत्रोला जा. काही चुकत नाही, तोच किनारा बोटीतून दिसतो.

लुत्रोचे दोन दिवस छान गेले. इंब्रोसची घळ आठ किलोमीटर, सोपी, घरच्यांना नेण्यासारखी. अराडेनाची घळही कार्यक्रमात होती. तिथे लोखंडी शिड्या आहेत, त्या टाळून जाणारी वाटही आहे. मी गेलो नाही. त्या सकाळी जिना उतरायलाच कठडा धरावा लागत होता.