मीठ कमी करताना शिकलेला स्वयंपाक

दोन वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांचा रक्तदाब वाढल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांनी गोळ्यांबरोबरच जेवणातील मीठ कमी करण्यास सांगितले. दिवसभरात सर्व पदार्थ मिळून माणशी 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभर मीठ पोटात जावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आमच्या घरी किती जाते, हे पाहण्यासाठी मी मिठाच्या नव्या पुड्यावर तारीख लिहून ठेवली. चार माणसांत किलोभर मीठ तेवीस दिवसांत संपले. म्हणजे माणशी रोज जवळजवळ 11 ग्रॅम, आणि त्यात लोणचे-पापड धरलेले नव्हते.

पहिल्याच दिवशी मी आमटीतले मीठ निम्म्यावर आणले, ही माझी चूक झाली. बाबा काही बोलले नाहीत, पण आमटीची वाटी तशीच राहिली आणि लोणच्याची फोड दोनदा घेतली गेली. मग मी सासूबाईंना नेहमीच्या अंदाजाने मीठ हातात घ्यायला सांगितले आणि ते वजनकाट्यावर टाकले. वाटीभर तुरीच्या डाळीच्या आमटीसाठी ते 12 ग्रॅम भरले. दर पंधरा दिवसांनी त्यातून 2 ग्रॅम कमी करत मी दीड महिन्यात 6 ग्रॅमवर आले. जिभेला एवढी सवड दिली, तर ती तक्रार करत नाही, हे मला तेव्हा कळले.

मात्र नुसते मीठ काढून घेतले की आमटी पांचट लागते. त्या जागी दुसरे काहीतरी यावेच लागते. आमच्याकडची चिंच वर्षाची साठवणीची, म्हणजे मीठ लावून गोळे करून ठेवलेली होती आणि तिच्यातूनही मीठ येत होते. ते लक्षात आल्यावर मी बिनमिठाची चिंच आणू लागले. गोडा मसाला आयत्या वेळी कोरडाच किंचित गरम करून घातला, तर त्यातल्या तीळ-खोबऱ्याचा आणि दगडफुलाचा वास पुढे येतो. सर्वांत मोठा फरक मात्र वरून दिलेल्या फोडणीने पडला. पळीत थोडे तेल चांगले तापवून त्यात मोहरी तडतडू द्यायची, ठेचलेला लसूण कडेने तांबूस होताच हिंग आणि कढीपत्ता टाकायचा आणि ती चुरचुरती फोडणी उकळून उतरवलेल्या आमटीवर ओतून लगेच झाकण ठेवायचे. पाच मिनिटांनी झाकण उघडले की येणारा वास मिठाची उणीव बरीचशी भरून काढतो.

पालेभाज्यांत मीठ अगदी शेवटी घालणे भाग आहे, कारण कढईभर मेथी आळून मूठभर होते आणि आधी अंदाजाने घातलेले मीठ तिला जास्त होते. पोह्यांना मी मीठ पाण्यात विरघळवून शिंपडते. ते सगळीकडे सारखे लागत असल्यामुळे कमी पुरते. कोशिंबिरीत ते पानावर वाढतानाच घालते. भाकरीत आमच्याकडे मीठ नव्हतेच, कणकेतले आणि भातातले बंद केले, आणि ते कोणाच्या लक्षातही आले नाही. पापड मात्र रोजच्या जेवणातून पूर्ण गेला, कारण मिठाबरोबर पापडखारातही सोडियम असते. कमी सोडियमचे मीठ आणावे, असे एका नातेवाइकांनी सुचवले होते. त्यात पोटॅशियम असते आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असलेल्यांना ते अपायकारक ठरू शकते, असे सांगून डॉक्टरांनी नको म्हटले. इतरांनीही ते विचारल्याशिवाय घेऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

कैरीच्या साठवणीच्या लोणच्याला मी हात लावलेला नाही, कारण त्यातले मीठ चवीपुरते नसून टिकण्यासाठी असते आणि ते कमी केले तर बुरशी येते. त्याऐवजी उन्हाळ्यात किसलेल्या कैरीचा तक्कू करते. चिमूटभर मीठ, गूळ, तिखट आणि मेथीची फोडणी घालून, दोन दिवसांत संपेल एवढाच. बाबा आता तो मागून घेतात. मिठाचा पुडा सध्या सात आठवडे पुरतो.