गमछा

नवतप्याचा, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतला, तिसरा दिवस होता. या दिवसांत इंदूरला दुपारी एक ते चार कोणी कोणाला फोन करत नाही. आलाच तर समजावं, काहीतरी बिघडलंय. काकांचा फोन एक वाजून पाच मिनिटांनी आला.

काका म्हणजे वडिलांचे रामबागेतले जुने मित्र. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी सिमरोलच्या बाजूला हजार चौरस मीटरचं पॉलीहाऊस घातलं, आणि त्याचा कंट्रोलर, म्हणजे आतलं तापमान पाहून पंखे-पंप चालवणारी आणि आकडे मोबाइलवर दाखवणारी पेटी, मी फेब्रुवारीत बसवून दिला. पीक बिनबियांच्या काकडीचं. एका टोकाच्या भिंतीत पाण्याने भिजणारे पॅड, समोरच्या टोकाला मोठे पंखे. पंखे हवा बाहेर ओढतात, तिच्या जागी पॅडमधून गार झालेली हवा आत येते. घरच्या कूलरचंच तत्त्व, फक्त इथे आपण कूलरच्या आत उभे असतो. मालव्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात ही व्यवस्था झकास चालते. बाहेर ४१ अंश आणि आर्द्रता १८ टक्के असली तर पॅडमधून येणारी हवा २६-२७ अंशांवर उतरते. जुलैत हेच पॅड नुसते ओले लाकूड होऊन बसतात, पण तो विषय वेगळा.

"अरे, पानं माना टाकताहेत. आत उभं राहवत नाही," काका म्हणाले.

मी लोकमान्य नगरात, घरी पंख्याखाली. मोबाइलवर पाहिलं. आत २८.४ अंश, आर्द्रता ९२ टक्के. काकडीला आणखी काय हवं?

"काका, आत अठ्ठावीस आहे. तुम्ही उन्हातून आत गेलात म्हणून तसं वाटतंय."

"मी तीन महिने आत राबतोय. मला कळत नाही होय?"

मी हसलो. हे लिहिताना आता लाज वाटते, पण हसलो खरा.

एक चाळीसला दुसरा फोन. आवाज बदललेला. "पंखे बंद आहेत रे. एकही चालत नाही."

"अठ्ठावीसला बंदच राहणार काका. तीसला सुरू होतात, अठ्ठावीसच्या खाली आले की थांबतात. आपण ठरवलं होतं ना?"

"मग मी हाताने चालू करतो."

इथे मी गप्प झालो. पॅनेलवर हाताने चालवायचा स्विच आहे, पण पॅनेलच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या गाडीच्या किल्लीबरोबर एकाच कडीत. मार्चमध्ये कोणीतरी आतले टायमर फिरवून ठेवले होते, तेव्हा मीच शहाणपणाने कुलूप घातलं होतं. दुसरी किल्ली काढून देईन म्हटलं होतं. राहून गेलं.

"दोन्ही दारं सताड उघडा, वरची सावलीची जाळी ओढून घ्या. मी निघालो," एवढं म्हणून गाडी काढली.

भंवरकुआं चौराह्यावर अडकलो तेव्हा पुन्हा मोबाइल उघडला, या वेळी आकड्याऐवजी आलेख. सव्वाबारापर्यंत तापमान २९-३१ च्या मध्ये खालीवर होत होतं. मग एकदम घसरून २६. मग हळूहळू चढ, पुन्हा घसरण, पुन्हा चढ. करवतीच्या दात्यांसारखं. घाईत पाहिलं असतं तर म्हटलं असतं, पंप सुरू-बंद होतोय, त्याचे दाते. म्हणून पंपाची नोंद काढली. सव्वाबारानंतर पंप एकदाही चाललेला नव्हता. पाणी नाही, पंखे नाहीत, आणि हवेत ९२ टक्के ओल? नवतप्यात? मागून हॉर्न वाजायला लागले तेव्हा सिग्नल सुटल्याचं कळलं.

पोहोचलो तेव्हा अडीच वाजले होते. काका दारात उभे, शर्ट अंगाला चिकटलेला, आणि काही बोलले नाहीत. पॅनेल उघडून स्विच हातावर टाकला, सगळे पंखे आणि पंप सुरू केला. मग आत गेलो. दोऱ्यांवर उंच चढवलेले वेल तसेच उभे, पण पानं छत्री मिटल्यासारखी खाली आलेली, शेंड्याजवळची कडेने कागदासारखी. ज्यांनी बंद पॉलीहाऊसमधली मे महिन्यातली दुपार अनुभवली नाही, त्यांना सांगून उपयोग नाही. नाकातली हवासुद्धा गरम लागते.

माझ्या पिशवीत एक साधा ओला-कोरडा थर्मामीटर असतो. दोन नळ्या, त्यातल्या एकीच्या फुग्यावर मलमलीची चिंधी, चिंधीचं टोक पाण्यात. चिंधी वाळताना ती नळी गार पडते; हवा जितकी कोरडी, तितका दोन्ही नळ्यांत फरक जास्त. सेन्सर बरोबर सांगतो का, हे तपासायला याच्याइतकं भरवशाचं काही नाही. तो मध्यभागी धरून चार-पाच मिनिटं थांबलो. पंखे नुकतेच सुरू झाले होते, तरी कोरडी नळी ४३ आणि ओली साडेसत्तावीस. म्हणजे हवेत ओल जेमतेम २८ टक्के. माझा कंट्रोलर हवेची तहान, बाष्पदाबाची तूट, ०.३ किलोपास्कल दाखवत होता. खरी होती ६ च्या वर. काकडीला एकच्या आसपास पुरते.

मग सेन्सरच्या डबीकडे वळलो. पांढरी डबी, वेलांच्या उंचीवर तारेने टांगलेली, बाजूला जाळी, आत संगणकात असतो तेवढा छोटा पंखा. ऊन थेट सेन्सरवर पडू नये आणि आतली हवा साचू नये म्हणून तो सारखी हवा ओढत असतो. त्या जाळीवर, नीट घडी घालून, लाल चौकड्यांचा गमछा टाकलेला होता. ओलाचिंब.

हातात चिंधीवाली नळी, समोर गमछा. दोन्हींत फरक काहीच नव्हता. माझ्या सेन्सरचं कोणीतरी ओल्या नळीत रूपांतर केलं होतं. ओल्या कापडातून ओढलेली हवा तो मोजत होता आणि कंट्रोलरला सांगत होता, छान आहे, झोपा. घर ४३ वर गेलं तरी ओली हवा तीसला शिवतच नव्हती. गमछा वाळायला लागला की आकडा चढायचा, पुन्हा भिजवला की पडायचा. ते दाते!

गमछा खरगोनकडच्या एका पोराचा. आठ दिवसांपूर्वीच कामाला लागलेला, वीसेक वर्षांचा. काका त्याच्यावर ओरडणार तेवढ्यात मी विचारलं, इथेच का टाकलास? तो घाबरत म्हणाला, "साब, यहाँ गमछा सबसे ठंडा होता है. मशीन हवा खींचती है न." दर अर्ध्या तासाला येऊन तो गमछा भिजवायचा, टाकायचा आणि गार झालेला डोक्याला गुंडाळून पुढच्या ओळीत जायचा. आमच्यात ते शास्त्र वापरून प्रत्यक्ष गारवा मिळवणारा त्या दुपारी तो एकटाच.

काकांना मी खरं ते सांगितलं. दोन सेन्सर लावायचे असतात. कोटेशनची रक्कम कमी दिसावी म्हणून दुसरा मीच खोडला होता. ते बराच वेळ पंख्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि मी सांगत होतो तेव्हा तू मोबाइल बघत होतास."

संध्याकाळी बऱ्याच पानांनी मान वर केली. मालव्याची रात्र गार, तिने मदत केली. पण शेंडे करपले ते करपलेच, बोटाएवढ्या काकड्या पिवळ्या पडून गळाल्या, आणि पुढे दहा-बारा दिवस तोडा जवळपास शून्य. त्याची भरपाई काकांनी मागितली नाही, मीही पुरती देऊ शकलो नसतो. माझ्या खर्चाने दुसरा सेन्सर तिसऱ्या ओळीत लावला. दोघांत चार अंशांपेक्षा जास्त फरक पडला की पंखे सुरू आणि भोंगा. उन्हाळ्यात सकाळी दहा ते पाच पंखे वीस मिनिटं सलग बंद राहिले, तरी भोंगा. पॅनेलची किल्ली आता दाराशेजारी खिळ्याला असते. गमछ्यासाठी पॅडजवळ एक आकडा ठोकून दिला.

ओला-कोरडा थर्मामीटर तिथेच ठेवून आलो. त्या पोराला तो वाचायला शिकवायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आता रोज दुपारी एकला फोन येतो, नमस्कार-चमत्कार काही नाही, नुसतं, "सूखा उनतीस, गीला चौबीस." मी मोबाइलवरचा आकडा त्यानंतर बघतो.